बाकांची गाडी : शॅराबँगच्या मॉडेलच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

इंग्लंडमधल्या प्रेस्टनला राहणाऱ्या मैत्रिणीनं तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेलं एक फोटोकार्ड पाठवलं. उघडी मोटारगाडी, वर छप्पर नाही, एकामागे एक पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं. पुरुषांच्या डोक्यावर चपट्या टोप्या, बायकांच्या डोक्यावर घट्ट बसणाऱ्या गोल हॅट. ड्रायव्हर धरून पंचवीस डोकी मोजली. दोन पोरं मांडीवर आहेत, ती वेगळी. मागे पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय : ‘आमची शॅरा’.

बाबांनी कार्ड उजेडात नेलं, भिंग लावलं. दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला एकतीस वर्षं काढलेला माणूस. माणसांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, चाकांकडे आणि चाकांवरच्या फ्रेमकडे बघत होते. मग म्हणाले, “अगं, ही लॉरीची चेसिस आहे. वर नुसती बाकं ठेवलीत.”

संध्याकाळी शोधायला बसले तेव्हा कळलं की या गाडीला शॅराबँग म्हणतात आणि त्या नावाचा अर्थ शब्दशः तोच आहे. फ्रेंचमध्ये ‘शार आ बां’, म्हणजे बाकांची गाडी.

ठरलं. हिचं मॉडेल करायचं, एकास बारा मापाचं. लाकूड बाबांचं, मोजमाप माझं. नोंदी मी ठेवणार.

१९ जानेवारी

आज हत्याराला हात लावला नाही. दिवसभर नावातच अडकले होते.

‘शार’ म्हणजे गाडा. मूळ लॅटिन ‘कारुस’, त्याच घरातली ‘कार’ आणि ‘कॅरेज’. ‘बां’ म्हणजे बाक, आणि फ्रेंच लिखाणात ते अनेकवचनी आहे. शेवटचा ‘स’ लिहितात पण उच्चारत नाहीत. इंग्रजांना तो ऐकूच आला नाही, त्यामुळे पुढे त्यांनी लिहितानाही गाळून टाकला. अनुनासिक ‘आं’चं त्यांनी ‘अँग’ केलं आणि शब्द झाला ‘शॅराबँग’. गिरणीतल्या कामगारांनी त्याचीही शेपटी तोडली, उरली ‘शॅरा’. रशियात हाच शब्द ‘शराबान’ होऊन घोड्याच्या उघड्या गाडीला चिकटला.

आणि आता खरी गंमत. आपलं ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांकू’वरून आलंय. कोकणीत आजही ‘बांक’च म्हणतात, तो अनुस्वार तिथे टिकलाय. पोर्तुगीज बांकू, फ्रेंच बां आणि इंग्रजी बेंच ही तिन्ही एकाच जुन्या जर्मानिक शब्दाची नातवंडं. पैशांची बँकसुद्धा त्याच कुळातली, कारण इटलीतले सराफ बाक मांडून व्यवहार करायचे. ‘पाठीला बाक आला’ यातला बाक मात्र वेगळा, तो संस्कृत ‘वक्र’चा. म्हणजे शाळेत ज्यावर बसून पाढे म्हटले ते बाक आणि फोटोतल्या गाडीच्या नावातलं ‘बां’ ही चुलत भावंडं आहेत. बाबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आपण परक्याची गाडी करत नाही तर.”

गाड्यांची नावं अशीच कुठून कुठून आलीत. ‘कोच’ हे हंगेरीतल्या ‘कोच’ नावाच्या गावावरून आलं, तिथल्या गाड्या नावाजलेल्या होत्या. ‘ऑम्निबस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. फ्रान्समधल्या नांत शहरात हे नाव गाडीला पडलं आणि १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबिअरनं लंडनमध्ये ऑम्निबस सुरू केली. आपण म्हणतो ती ‘बस’ म्हणजे त्या शब्दाचं शेपूट. तिथे ‘सर्व’ नाहीच, नुसता चतुर्थीचा प्रत्यय उरलाय. शाळेत घोकलेलं ‘स, ला, ना, ते’ आठवा. त्यातला ‘ना’ रस्त्यावरून धावतोय असं समजा.

पण कोच गावाचं नाव सांगतं, बस कोणासाठी ते सांगते. शॅराबँग एकटीच स्वतःची बांधणी सांगते. म्हणून मला ती अधिक आवडली.

२६ जानेवारी

पहिलं रेखाटन बाबांनी नापास केलं.

मी सवयीनं मधे बोळ सोडली होती, एस. टी.त असते तशी. दोन्ही बाजूंना सीटा, मधून चालायची वाट. बाबांनी बोट ठेवलं. “ही वाट कोणासाठी?” म्हटलं, कंडक्टरसाठी. “फोटोत कंडक्टर कुठाय?”

फोटो परत पाहिला. बाक या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग आहे. मधे वाट नाही आणि एका बाकावरून दुसऱ्यावर जायचा मार्गच नाही. म्हणून प्रत्येक रांगेला स्वतःचं दार. दारं फक्त डाव्या अंगाला, कारण तिथेही आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात आणि उतरणारा माणूस फुटपाथवर उतरायला हवा. उजवी बाजू सरळ पट्टीनं बंद. ड्रायव्हर पहिल्या बाकावर उजव्या टोकाला आणि त्याच्याच बाकावर शेजारी चार प्रवासी.

कंडक्टर लागतच नव्हता. ही सहलीची गाडी. सकाळी सगळे एका ठिकाणी चढणार, पैसे आधीच गोळा झालेले, आणि संध्याकाळी सगळे तिथेच उतरणार. मधल्या थांब्यांची गाडी असती तर अशी बांधणी एक दिवस चालली नसती. मुंबईच्या जुन्या उघड्या ट्रामच्या चित्रात कंडक्टर बाहेरच्या पायरीवरून सरकत जाताना दिसतो, ती वेगळी तऱ्हा.

बोळ खोडली. माणशी १६ इंच धरले. पाच माणसं म्हणजे ८० इंच, साधारण दोन मीटर तीन सेंटिमीटर. बारानं भागून १७ सेंटिमीटर. लांबी ७ मीटर धरली, मॉडेलमध्ये ५८ सेंटिमीटर.

९ फेब्रुवारी

चेसिस उभी राहिली. दोन लांब दांडे, पाच आडवे. बाबांनी जुन्या पाटाचं सागवान काढलं. कुसू काढायला पटाशी त्यांचीच, मला हात लावू देत नाहीत.

काम करताना लेलँडबद्दल वाचलेलं त्यांना सांगत होते. लँकेशायरमधलं लेलँड हे प्रेस्टनजवळचं गाव. तिथे १८९६ मध्ये वाफेच्या गाड्या करणारी कंपनी निघाली आणि १९०७ मध्ये ती लेलँड मोटर्स झाली. पहिल्या महायुद्धात तिनं ब्रिटिश हवाई दलासाठी तीन टनी लॉऱ्या हजारोंनी बांधल्या. युद्ध संपलं, लॉऱ्या फुकट उभ्या. कंपनीनं त्यातल्या पुष्कळशा परत विकत घेतल्या आणि लंडनजवळ किंग्स्टन इथे पूर्ण उकलून, दुरुस्त करून विकल्या. सैन्यात लॉरी चालवायला शिकलेले तरुणही त्याच वेळी घरी परतले होते. हातात थोडे पैसे, समोर स्वस्त लॉरी. १९१९-२० च्या सुमाराला इंग्लंडभर शॅराबँगचं जे पेव फुटलं त्यामागे हे आहे.

एक गोष्ट बाबांना फार आवडली. कित्येक मालक एकाच चेसिसवर दोन बॉड्या वापरायचे. आठवडाभर माल वाहायचा, शनिवारी बोल्ट सोडून मालाची बॉडी कप्पीनं उचलायची आणि बाकांची बॉडी बसवायची. सोमवारी पुन्हा उलट.

“चेसिस कंपनीची, बॉडी आपली,” बाबा म्हणाले. दापोडीला तेच चालायचं. कंपनीकडून यायची ती उघडी चेसिस, पुढे नुसता स्टिअरिंगचा खांब. त्यावर क्रॉस बेअरर म्हणजे आडवे दांडे, मग पिलर म्हणजे उभे खांब, मग वेस्ट रेल म्हणजे खिडकीखालची आडवी पट्टी, छपराच्या काठ्या, पत्रा, रिपिट. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, अल्बियन यांच्याबरोबर लेलँडही होती. पुढे मद्रासच्या अशोक मोटर्सशी ती जोडली गेली आणि १९५५ मध्ये अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. म्हणजे बाबांनी आयुष्यभर ज्या नावाच्या चेसिसवर बॉड्या चढवल्या ते नाव त्या प्रेस्टनजवळच्या गावाचं. मैत्रिणीचं कार्ड जिथून आलं तिथून हाकेच्या अंतरावर. दोघांनाही हे आजवर ठाऊक नव्हतं.

२३ फेब्रुवारी

पाचही बाकं तयार. बैठकीला स्पंज, वर लालसर तपकिरी रेक्झिन, पाठीला उभ्या शिवणी.

रेक्झिन हा शब्दही तिकडचाच निघाला. मँचेस्टरजवळ हाइड नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात होणाऱ्या नकली चामड्याचं हे व्यापारी नाव. आपल्याकडे ते रिक्षाच्या सीटपासून दप्तरापर्यंत सगळ्यांचं होऊन बसलं.

मागची बाकं पुढच्यापेक्षा किंचित उंच घेतली. घोड्याच्या शॅराबँगमध्ये ही पद्धत होती, मागच्याला पुढच्याच्या टोपीपलीकडचं दिसावं म्हणून. गाडी कुठे पोचवते यापेक्षा बाहेर बघायला मिळतं का, याचा विचार आधी केलेला.

घोड्याच्या काळाबद्दल एक नोंद करून ठेवते. सप्टेंबर १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या नॉर्मंडीतल्या ‘अ’ (Eu) गावातल्या वाड्यावर पाहुणी गेली होती. तिथे सगळा परिवार अशाच बाकांच्या गाडीतून रानात फिरायला जायचा. पुढच्या वर्षी लुई फिलिपनं तशी एक गाडी तिला भेट दिली. राजघराण्याच्या संग्रहात ती आजही जपलेली आहे. राजाराणीच्या वनविहाराची गाडी, आणि ऐंशी वर्षांत ती गिरणीतल्या बायकांची ‘शॅरा’ झाली. एरवी असल्या वस्तू खाली येताना नाव बदलतात. इथे नाव तेच राहिलं, फक्त तोंडातोंडात झिजलं.

९ मार्च

रविवार पेठेत बोहरी आळीत दोन तास. दागिन्यांच्या पेटीला लावतात तसल्या इवल्या पितळी बिजागऱ्या हव्या होत्या. पाच दारं, दाराला दोन, एकूण दहा. दुकानदारानं बारा दिल्या आणि दहाचेच पैसे घेतले. ‘दोन हरवणारच’ म्हणाले. एक आजच हरवली.

(बिजागरीही पोर्तुगीजच. हे मॉडेल अर्धं पोर्तुगीज शब्दांवर उभं राहतंय.)

३० मार्च

पाडवा. काम नाही. गुढीसाठी आणलेल्या बांबूचा उरलेला तुकडा बाबांनी छपरासाठी बाजूला काढून ठेवला.

१३ एप्रिल

छपरावर दोन आठवडे गेले, त्यामुळे मधे लिहिणं झालं नाही.

शॅराबँगला छप्पर नसतं असं आपण म्हणतो, पण पूर्ण खरं नाही. मागे घडी घालून ठेवलेलं कॅनव्हासचं एक लांबलचक टप असायचं. पाऊस आला की ते कमानींसकट पुढे ओढत आणायचं. तान्ह्या बाळाच्या गाडीचं टप असतं तसंच, फक्त सात मीटर लांब. एकट्यादुकट्यानं ते व्हायचं नाही. ड्रायव्हर थांबायचा आणि प्रवाशांतले चार-पाच जण उतरून हात लावायचे. लँकेशायरच्या पावसात टप वर येईपर्यंत मागची दोन बाकं भिजलेलीच असणार.

बांबूच्या कामट्या रात्रभर पाण्यात ठेवल्या, मग कुकरच्या वाफेवर धरून वाकवल्या. नऊपैकी चार मोडल्या. कापड मांजरपाट, चहाच्या पाण्यात रंगवलेलं. टप उघडं असताना झकास दिसतं, घडी घातली की मागे इतका मोठा गठ्ठा होतो की शेवटच्या बाकाची पाठ दिसेना. वाटलं माप चुकलं. फोटो पाहिला तर तिथेही तस्साच गठ्ठा! मागच्या रांगेतल्या बाईनं त्यावर कोपर टेकलंय. माप बरोबर होतं.

२७ एप्रिल

आजची नोंद मोठी होणार.

बाबा सकाळीच म्हणाले, “कलवून बघू.” बॉडी किती कलेपर्यंत उभी राहते ते बघायचं. मॉडेल हलकं लाकडाचं, तसंच कलवलं तर उत्तर खोटं येईल. म्हणून हिशेब केला. माप एकास बारा, म्हणजे वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, १७२८ नं भागायचं. खरी गाडी ४ टनांची धरली तर मॉडेल २ किलो ३०० ग्रॅमचं हवं. आमचं भरलं १ किलो १००. उरलेल्या वजनाचं शिसं चेसिसखाली बांधलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे असतात तिथे. माणसं पंचवीस, सरासरी ६५ किलो, एकूण १६२५. भागून ९४० ग्रॅम. तेवढ्या वजनाचे नट-बोल्ट कापडी पुरचुंड्यांत बांधून एकेका जागेवर बसवले.

फळी एका अंगानं हळूहळू उचलत गेलो. रिकामी गाडी ४१ अंशांवर लवंडली. माणसं बसवल्यावर ३० अंशांवर.

बाबांचा चेहरा उतरला. पुन्हा केलं. ३१.

कारण समोरच होतं. लॉरीची फ्रेम आधीच उंच, कारण तिच्यावर माल चढायचा. त्यावर पाटा, पाट्यावर बाक, बाकावर माणूस. सगळं वजन वर. शिवाय पुरचुंड्या जागच्या हलत नाहीत, माणसं हलतात. वळणावर पाच जणांची अख्खी रांग एकाच अंगाला झुकते. अडवायला मधे बोळ नाही, हात नाही, दांडा नाही. आणि गाडी उलटलीच तर डोक्यावर काय? चहाच्या पाण्यात रंगवलेलं मांजरपाट.

डोंगराळ भागात या गाड्यांना अपघात झाले ते असे. १९२५ मध्ये यॉर्कशायरच्या डिबल्स पुलाच्या तीव्र उतारावर एका शॅराबँगचा ब्रेक गेला, सात जण दगावले. पन्नास वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच पुलावर बंद बॉडीच्या कोचला अपघात झाला आणि ३३ जीव गेले. तेव्हा सगळा दोष उघड्या बॉडीचा होता असं म्हणता येत नाही, उतार आणि ब्रेक हेही तितकेच. पण डोक्यावर एकही पिलर नसलेली गाडी बघून बाबांना बसवत नव्हतं. “पिलर म्हणजे काय वाटतं तुला? खिडकी धरायला असतो तो? गाडी पलटली की माणसाच्या मानेऐवजी तो वाकतो,” म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी काय केलं, हे मला इतकं स्पष्ट कधीच कळलं नव्हतं.

पुरचुंड्या काढल्या तेव्हा त्यांनी एकेक मोजून डब्यात ठेवली. पंचवीस.

११ मे

रंग दिला, गडद हिरवा. कडेनं पिवळी रेघ बाबांनी श्वास रोखून ओढली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हात असा स्थिर!

रंग वाळेपर्यंत वेगाचा हिशेब मांडला. भरीव रबरी टायरच्या जड गाड्यांना तेव्हा ताशी १२ मैलांची मर्यादा होती, म्हणजे १९ किलोमीटर. मँचेस्टर ते ब्लॅकपूल साधारण ५० मैल. न थांबता गेलं तरी चार तास. पहाटे निघायचं, भरीव टायरवर दगडी रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीत घ्यायचा, समुद्र बघायचा, पाय बुडवायचे आणि रात्री परत. सकाळी निघण्याआधी फोटोवाला सगळ्यांना बसवून फोटो काढायचा आणि परतेपर्यंत छापून विकायला तयार ठेवायचा. आपलं कार्ड असंच कुणीतरी विकत घेतलं असणार.

लँकेशायरच्या गिरणगावांत ‘वेक्स’चा आठवडा असायचा. एकेका गावाच्या सगळ्या गिरण्या एकदम बंद, गावागावाचे आठवडे वेगळे. पगारी रजेचा कायदा तिकडे १९३८ मध्ये आला. त्याआधी हा आठवडा बहुतेकांना बिनपगारी जायचा, वर्षभर साठवलेल्या पेन्स-शिलिंगांवर सहल व्हायची. ज्यांना आठवडा झेपत नसे त्यांना शॅराचा एक दिवस. फोटोतले चेहरे मी आता तसे बघते. पहिल्या रांगेतल्या मुलीनं टोपी हातानं धरलीय, अजून गाडी हललेलीसुद्धा नाही.

मग या गाड्या गेल्या कुठे? हवेचे टायर आले, वेग वाढला, आणि वाढलेल्या वेगाला उघड्यावर बसणं नकोसं झालं. आधी बाजूला काचा आल्या, मग सरकतं छप्पर, मग पक्कं छप्पर. पक्कं छप्पर आलं की पाच दारं परवडत नाहीत, बॉडी कमजोर होते. एक दार ठेवायचं तर मधे बोळ हवी. बोळ आली की बाक मधोमध कापलं गेलं. १९३० च्या कायद्यानं प्रवासी गाड्यांचे परवाने आणि चालकांचे तास बांधले तोवर नव्या गाड्या सगळ्या बंद बॉडीच्या ‘कोच’ होत्या. म्हातारी माणसं पुढेही बरीच वर्षं सहलीच्या कोणत्याही गाडीला शॅराच म्हणायची. पण नावातलं बाक त्या बोळीनंच मोडलं. मी २६ जानेवारीला कागदावर अजाणता केलं तेच.

मुंबईची उघड्या छपराची दुमजली बस नीलांबरी २०२३ मध्ये थांबली तेव्हा शेवटच्या दिवसांत आम्ही दोघं वर बसून आलो होतो. तिलाही मधे बोळ होती, हे आज लक्षात आलं.

२५ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच. दोन दिवस झड लागलीय, घरात सगळं दमट.

हॉर्नचा रबरी फुगा राहिलाय, दिव्यांच्या काचा राहिल्यात. बाकी जुळणी झाली. बॉडी चार बोल्टांवर बसवलीय, सोडली की अख्खी उचलता येते. मालाची बॉडी बाबांनी परस्परच सुरू केलीय, चहाच्या खोक्याच्या फळ्यांची.

शेजारचा पाच वर्षांचा मुलगा बघायला आला. विचारलं, ही कोणती गाडी? बाबांनी सांगितलं, “बाकगाडी.” त्यानं पहिलं दार उघडलं, लावलं. दुसरं उघडलं, लावलं. तिसरं अडकलं. दमट हवेनं सागवानसुद्धा केसभर फुगलंय.

बाबांनी चष्मा चढवला, दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. पॉलिश पेपर दिला. बारीकवाला.